जर्मनीत एकट्याने नोकरीला जाताना: आधी गाव जमवा, मग युरोप फिरा

परदेशात नोकरी ठरली की घरचे पगार विचारतात आणि मित्र विचारतात, पॅरिसला कधी जाणार? शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत तुमच्याशी कोण बोलणार आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही. नवरा-बायको दोघं गेली किंवा कंपनीने दहा जणांची बॅच पाठवली, तर हा प्रश्न आपोआप सुटतो. एकटा किंवा एकटी जाणाऱ्याला तो स्वतः सोडवावा लागतो, आणि त्यासाठीच हा लेख आहे.

उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे, कारण मी स्टुटगार्टच्या बाजूला नोकरी करते आणि तिथली व्यवस्था मला आतून माहीत आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्ट ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. म्हणजे आपली बरीच मंडळी तिकडे निघाली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एकटी आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिले सहा महिने जिथे राहता ते गाव जमवण्यात घालवा, युरोप कुठे पळून जात नाही. उलटं करणारे पुष्कळ दिसतात. तिसऱ्या आठवड्यात प्राग, पाचव्या आठवड्यात ॲमस्टरडॅम, आणि नोव्हेंबरात ताप आला की औषध आणून द्यायला गावात ओळखीचं माणूस नाही.

निघण्याआधी: कागद, नाव आणि पैसे

रस्ते मुख्यतः तीन. हातात नोकरीचं पत्र असेल आणि पगार पुरेसा असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा राहण्याचा आणि कामाचा परवाना. २०२६ साठी त्याची मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. माणसांचा तुटवडा असलेल्या क्षेत्रांत आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना ४५,९३४ युरो आणि २० सेंट. पगार त्याहून कमी असेल तर कुशल कामगाराचा साधा परवाना. नोकरी नसेल तर जून २०२४ पासून सुरू झालेलं ऑपॉर्च्युनिटी कार्ड. त्यावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं. मात्र खर्चाची सोय आधी दाखवावी लागते, २०२५ साली ती महिना १,०९१ युरो होती. एकट्याने जाणाऱ्याला मी तिसरा रस्ता शेवटी सुचवीन. भाषा कच्ची, ओळख नाही आणि खात्यातले पैसे दर महिन्याला कमी होताना दिसतात, हे तिन्ही एकदम सोसायला मन फार घट्ट लागतं.

पदवी तिकडे मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी यादीत फुकट पाहता येतं. विद्यापीठ आणि पदवी दोन्ही तिथे मान्य दिसली तर त्या पानाची प्रिंट पुरते, नाहीतर पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. नर्सिंगसारख्या नियंत्रित व्यवसायांत वेगळी मान्यता लागते आणि तिला महिने जातात.

नावाचा घोळ हा खास आपला. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात आपलं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी असतं. जर्मन कार्यालय ते दोन्ही तुमचंच नाव समजतं आणि जन्मभर सगळी पत्रं तशीच येतात. त्याने बिघडत काही नाही, पण मग बँक, विमा, भाडेकरार, सगळीकडे तेच पूर्ण नाव द्या. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की दोन वेगळी माणसं तयार होतात. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणी दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे तो खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, करून जवळ ठेवावं, कारण पदवीवर माहेरचं नाव असतं. जन्मदाखला इंग्रजीतून आणि त्यावर स्वतःचं नाव असलेला काढून घ्या. जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसते आई-वडील असतात. अपॉस्टिल परराष्ट्र मंत्रालय करतं, पण त्याआधी राज्य पातळीवर पडताळणी होते, त्यामुळे हे काम शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका.

पैशांचा हिशेब असा करा. पगार महिन्याच्या शेवटी होतो. १ तारखेला रुजू झालात तर पूर्ण महिना स्वतःच्या पैशांवर काढायचा. शिवाय घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. मी स्वतः कोणालाही चार ते पाच हजार युरो हाताशी असल्याशिवाय विमानात बसू नका असंच सांगते. सगळी अनामत एकदम मागणाऱ्या घरमालकाला नम्रपणे सांगा की ती तीन सारख्या मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्यानेच भाडेकरूला आहे.

इकडची मागची दारं नीट लावून जा. आधार, बँक आणि म्युच्युअल फंड ज्या मोबाइल नंबरला जोडलेत ते सिम चालू राहिलं पाहिजे. ओटीपी आला नाही की परदेशात बसून स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांतलं खातं, करून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाच्या नावे मर्यादित कामांपुरतं मुखत्यारपत्र द्या. दातांची कामं उरकून घ्या, चष्म्याची एक जोडी जास्तीची करा, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट घ्या.

सामानाबद्दल एवढंच की युरोपीय संघात प्रवाशाच्या बॅगेतून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईने डबा भरून दिलेलं साजूक तूप आणि पेढे नियमात बसत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि हापूसही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, नारळ मात्र चालतो. गोडा मसाला, मेतकूट, पोह्याचे पापड बिनधास्त न्या. कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्या आणि त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा घ्या, ती रिंग तिकडे शोधत फिरणं हा वैताग आहे.

पहिला महिना: एकात एक अडकलेले कागद

इथला क्रम साखळीसारखा आहे आणि पहिली कडी म्हणजे पत्ता. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं राहत असल्याचं पत्र लागतं. म्हणून पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती खोली घेताना एकच प्रश्न आधी विचारा: इथे नोंदणी करता येईल का? नाही म्हणाले तर खोली कितीही सुंदर असली तरी सोडा. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळच उशिरा मिळते, तेव्हा भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्चचा कर फक्त त्या त्या चर्चच्या सभासदांना लागतो, आपल्याला तो लागू नाही.

नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो. तो वेळेत मिळाला नाही तर पहिल्या पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. पैसे पुढे परत मिळतात, पण त्या महिन्याला चिमटा बसतो. आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड, पिन, सगळं टपालाने येतं. म्हणून घरात शिरल्या शिरल्या टपालपेटीवर आणि घंटीवर नाव लावा. फ्लॅट नंबर हा प्रकार तिथे सहसा नसतोच. पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो आणि तुम्ही तीन आठवडे वाट पाहत बसता.

पगाराचा आकडा ऐकून त्याचे रुपये करायची सवय लगेच सोडा. महिना ४,००० युरो पगार असलेल्या अविवाहित माणसाच्या हातात साधारण २,६०० पडतात. बाकीचा कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा आणि शुश्रूषा विम्यात जातो. घरी टीव्ही असो वा नसो, दर घरामागे सार्वजनिक प्रसारणाचे १८ युरो ३६ सेंट महिन्याला भरावे लागतात. ते पत्र फसवणुकीचं नाही, दुर्लक्ष केलंत तर दंडासकट परत येतं.

राहण्याच्या परवान्याची मुदत ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. परदेशी नागरिकांचं कार्यालय बहुतेक शहरांत तुंबलेलं आहे. व्हिसा संपायच्या आत लेखी अर्ज गेला पाहिजे आणि त्याची पोच तुमच्याकडे पाहिजे. मधल्या काळासाठी एक तात्पुरता दाखला मिळतो, पण त्याचे प्रकार आहेत आणि सगळ्या प्रकारांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. भारताचं तिकीट काढण्याआधी, किंवा शेजारच्या देशात जाण्याआधीसुद्धा, त्या दाखल्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

घर शोधणं

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन, कुठेही एका खोलीसाठी ढीगभर अर्ज असतात. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममिटे म्हणजे पाणी, गरम करणं वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहीबाहेर असतं. तुलना नेहमी वार्ममिटेची करा. घरमालक पगारपत्रकं आणि ‘शुफा’ नावाचा पतअहवाल मागतात. नव्या माणसाचा इतिहासच नसल्याने अहवाल कोरा असतो, तेव्हा नोकरीचा करार आणि कंपनीकडून एक पत्र जोडा.

घरमालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी अनामत भरा, असा निरोप आला की बोलणं तिथेच थांबवा. घर स्वतः किंवा विश्वासू माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. किल्ली घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, मीटरचे आकडे आणि खिडक्यांची अवस्था लिहून दोघांनी सही करायची, फोटो काढायचे. सोडताना अनामतीची भांडणं याच कागदावर सुटतात.

एकट्याने जाणाऱ्याला पहिल्या वर्षी शेअर केलेलं घर घ्या असं मी आग्रहाने सांगते. तिथे त्याला वेगे म्हणतात: प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम एक. त्यासाठी मुलाखत होते आणि ती नोकरीच्या मुलाखतीपेक्षा अवघड वाटू शकते, कारण तिथे तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते पाहतात. स्वयंपाक करायला आवडतो हे जरूर सांगा. फोडणीच्या वासाबद्दलही आधीच बोला, नंतरच्या कुरबुरीपेक्षा ते बरं. वेगेत भाषा सुधारते, नियम कळतात, आणि आजारी पडल्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी दार ठोठावतं.

नियमांचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी ड्रिल मशीन किंवा जोरात गाणी नाहीत, कचरा रंगानुसार वेगळा, आणि कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, नाहीतर भिंतीला बुरशी लागते. आमच्या श्वाबेन भागात तर जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते, केअरवोखे. दारावर पाटी टांगली की त्या आठवड्यात जिना तुमचा. पाळी चुकवणाऱ्याला शेजारी वर्षभर विसरत नाहीत, पण तीच पाळी नेमाने करणाऱ्याशी हेच शेजारी पहिल्यांदा बोलतात. मी तरी तिला ओळख करून घेण्याचा सरकारमान्य मार्ग समजते.

आणि एक धोका, जो एकट्यालाच जड जातो. जर्मन घरांची दारं ओढली की बाहेरून बंद होतात, बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते. कचरा टाकायला किल्लीविना गेलात की थंडीत चपलांवर बाहेर. सुट्टीच्या दिवशी कुलूपवाला शेकडो युरो घेऊ शकतो. पहिल्याच महिन्यात दुसरी किल्ली जवळच राहणाऱ्या कोणाकडे तरी ठेवा. असं माणूस सापडत नसेल, तर ओळख वाढवण्याचं काम अजून बाकी आहे असं समजा.

ऑफिस: सहा महिन्यांची परीक्षा

बहुतेक करारांत सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे परीविक्षेचा काळ असतो. त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवता येतो आणि कारण द्यावं लागत नाही. पूर्ण वार्षिक रजेचा हक्कही कायद्याने सहा महिन्यांनंतरच लागू होतो, तोवर महिन्यांच्या प्रमाणात रजा मिळते. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा आहे, प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या २८ ते ३० देतात. म्हणजे आधी गाव जमवा हा माझा हट्ट रजेच्या कायद्यालाही धरून आहे.

कामाच्या पद्धतीत दोन गोष्टी आपल्याला खटकतात. एक म्हणजे सरळ टीका. मीटिंगमध्ये सर्वांसमोर ‘हे चुकीचं आहे’ असं म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला तुमच्यासोबत जेवायला येतात. ती टीका कामावर असते, ती मनावर घेऊन रात्र जागवू नका. दुसरी म्हणजे, ‘हो, करतो’ हे वचन समजलं जातं. आपण संकोचाने हो म्हणतो, मग जमलं नाही तर विषय टाळतो. तिथे आधीच ‘गुरुवारपर्यंत जमणार नाही, सोमवारी देईन’ म्हणणारा माणूस विश्वासू ठरतो. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून मेहनत दाखवण्याने काही साधत नाही. घरी कोणी वाट पाहत नसलं की ऑफिसमध्येच रेंगाळायचा मोह होतो, तो टाळा.

दुपारचं जेवण मात्र कधीही एकट्याने जागेवर बसून करू नका. इंग्रजीत काम चालत असलं तरी जेवणाच्या टेबलावर गप्पा जर्मनमध्ये वळतात. पहिले तीन महिने काही कळत नाही, तरी बसा. पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ए२ पर्यंत, म्हणजे जर्मनच्या दुसऱ्या पातळीपर्यंत, शिकून आलेल्यालाही श्वाबेनची बोली सुरुवातीला परकीच वाटते.

आजारी असाल तर पहिल्याच दिवशी सकाळी कळवा. तीन दिवसांहून जास्त आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो, काही कंपन्या आधीच मागतात. नोकरीचे पहिले चार आठवडे झाल्यावर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. ताप घेऊन ऑफिसला जाण्याचं कौतुक होत नाही, रोग पसरवला म्हणून नाराजी होते.

नोकरी गेली तर? एकट्याला ही भीती सगळ्यांत मोठी असते, म्हणून शांत डोक्याने आधीच वाचून ठेवा. नोटीस हातात आल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद करायची. नोकरी संपल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचं. परवाना त्याच क्षणी संपत नाही, नवीन नोकरी शोधायला सहसा काही महिने मिळतात. मागच्या अडीच वर्षांत १२ महिने बेकारी विम्याची वर्गणी भरलेली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळू शकतो. राजीनामा आपणहून दिलात किंवा परस्पर संमतीच्या कागदावर घाईने सही केलीत तर हा भत्ता काही आठवडे अडवला जाऊ शकतो. असा कागद समोर आला की ‘घरी नेऊन वाचते’ एवढंच बोलायचं.

नोव्हेंबर, रविवार आणि घरचा फोन

उन्हाळ्यात गेलेल्यांना जर्मनी स्वर्ग वाटते. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, नदीकाठी माणसं. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो आणि दिवसभर ढग. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. रविवारी दुकानं बंद. ज्याला सवय नाही त्याला या दोन महिन्यांत आपलं काहीतरी चुकलं असं वाटू लागतं. चूक तुमची नसते, तरी उपाय तुम्हालाच करायचा असतो आणि तो सप्टेंबरात करायचा असतो. नोव्हेंबरात उठून नवीन ओळखी करायला जोर उरत नाही.

सप्टेंबरात सगळ्या संस्थांचे नवे वर्ग सुरू होतात. फोल्क्सहोखशूले ही गावोगावची सार्वजनिक शिक्षण संस्था. भाषा, पोहणं, कुंभारकाम, स्वयंपाक, सगळं माफक फीमध्ये. आणि फेरआइन, म्हणजे मंडळं. बॅडमिंटनचं, डोंगर चढण्याचं, गाण्याचं, बुद्धिबळाचं. जर्मन माणूस रस्त्यात ओळख करत नाही, मंडळात करतो. दर मंगळवारी तीच माणसं, तोच हॉल, असं तीन महिने गेल्यावर कोणीतरी म्हणतं, नंतर थोडं बसायचं का? आपल्याला हे संथ वाटतं. पण एकदा मैत्री झाली की ती टिकते.

मराठी मंडळ मोठ्या शहरांत आहेच. गणपतीला ढोल, दिवाळीला फराळ, एखादं नाटक. तिथे जरूर जा, मोदक वळायला हात लावा, पहिल्या वर्षी तर तोच मोठा आधार असतो. फक्त सगळे शनिवार-रविवार तिथेच घालवू नका. पाच वर्षं राहून फक्त मराठी माणसांना ओळखणारे लोक आहेत, आणि बाजूच्या दारामागे कोण राहतं हे त्यांना सांगता येत नाही.

घरच्या फोनची वेळ ठरवून घ्या. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही रात्री जेवून निवांत होता तेव्हा आई झोपलेली असते. सकाळी ट्राममध्ये दहा मिनिटांचा रोजचा फोन आणि रविवारी दुपारी सावकाश व्हिडिओ कॉल, एवढं पुरतं. दिवसभर फोन चालू ठेवून घरात असल्यासारखं राहणाऱ्यांचं पाऊल गावात रुजत नाही. ‘सगळं मस्त आहे’ हे रोज सांगायचीही गरज नाही. ‘आज कंटाळा आलाय’ म्हटल्याने आई खचत नाही. न सांगितलेलं तिला आवाजावरून कळतंच आणि मग ती जास्त काळजी करते.

धडधाकट असतानाच जवळचा फॅमिली डॉक्टर गाठून नाव नोंदवा, कारण आजारी पडल्यावर ‘नवे रुग्ण घेत नाही’ हे ऐकावं लागतं. जिवावरचं संकट असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०, रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण रुग्णवाहिकेची गरज नाही अशा वेळी ११६११७. मन फारच खचलं असेल तर ०८०० १११ ०१११ ही टेलिफोनझेलझोर्गेची मदतवाहिनी चोवीस तास, फुकट आणि नाव न विचारता चालते. तिथलं बोलणं मुख्यतः जर्मनमध्ये होतं. दोन-तीन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल तर फॅमिली डॉक्टरला स्पष्ट सांगा. मनाच्या आजाराचे उपचार सरकारी विम्यात बसतात, फक्त थेरपिस्टची रांग लांब असते, म्हणून लवकर नाव लावलेलं बरं.

आता प्रवास: पायरीपायरीने

एकट्याने फिरणं अंगात मुरायला वेळ लागतो. पहिली पायरी आपल्याच शहरात. एखाद्या कॅफेत फोन बाजूला ठेवून एकट्याने पूर्ण जेवण करा. हे ज्याला जमत नाही त्याला रोममध्येही जमत नाही, तो तिथे टेकअवे घेऊन हॉटेलच्या खोलीत खातो.

दुसरी पायरी दिवसाच्या सहलींची. डॉइचलांडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो झालं आहे. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि बस चालतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. त्याची मुदत दरमहा आपोआप वाढत राहते. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत करा. स्टुटगार्टहून ट्युबिंगेनचा नदीकाठ, बाड उराखचा धबधबा, बोडेनझेचं सरोवर, हे सगळं त्याच तिकिटात होतं. उल्मला जा आणि चर्चच्या १६१ मीटर उंच मनोऱ्याच्या ७६८ पायऱ्या चढा. अरुंद गोल जिन्यात वरून उतरणाऱ्याला जागा देताना अनोळखी माणसांशी आपोआप बोलणं होतं.

या सहलींत गाड्यांचा उशीर अंगवळणी पडतो, आणि तोही एक धडाच आहे. जर्मन रेल्वे वेळेवर धावते ही समजूत विमानतळावरच ठेवा. लांबच्या गाडीचं तिकीट असेल तर गंतव्याला ६० मिनिटं उशीर झाल्यास भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात. ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट असलं आणि २० मिनिटांहून जास्त उशीर दिसत असला, तर दुसऱ्या गाडीने जाता येतं. गाडी बदलायला सहा मिनिटं दाखवणारा प्रवास घेऊ नका, निदान अर्धा तास ठेवा. शेवटची गाडी कधीच गृहीत धरू नका, शेवटून दुसरी पकडायची.

तिसरी पायरी म्हणजे एक रात्र मुक्काम. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत रात्रभर घोरणारा एक तरी भेटतोच. ते सोसवत नसेल तर स्वतंत्र खोली घ्या, पण स्वयंपाकघर सामायिक असलेली जागा बघा. तिथे डाळ-भात शिजवायला लागलात की कोणीतरी चौकशीला येतं. मुलींना बहुतेक ठिकाणी मुलींची वेगळी खोली मिळते. लहान गावांच्या स्टेशनवर रात्री माणूस नसतो, शनिवारी संध्याकाळनंतर बस नसते, तेव्हा मुक्कामाची जागा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घ्या. लोकेशन शेअर करायचं तर जर्मनीतल्याच कोणाला तरी करा. तुमचे रात्रीचे ११ वाजतात तेव्हा घरी पहाटेचे अडीच-साडेतीन झालेले असतात, आईला ते लोकेशन दिसून उपयोग नाही. डोंगरातल्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही, ५० युरो रोख जवळ असू द्या.

मग बाहेरचे देश. जर्मन परवाना आणि पासपोर्ट दोन्ही मूळ प्रतीत जवळ असतील तर इतर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंडचा व्हिसा वेगळा. रेल्वे पास घेताना तुम्ही युरोपचे रहिवासी आहात हे लक्षात ठेवा, म्हणजे भारतीय पर्यटकांचा युरेल नाही, इंटररेल घ्यायचा. दुसऱ्या देशात विम्याचं कार्ड कितपत चालतं हे विमा कंपनीला विचारा, विशेषतः स्वित्झर्लंडसाठी. वेगळा प्रवास विमा फार महाग नसतो.

एकट्याच्या प्रवासात मिरवण्यासारखं जेवढं आहे तेवढंच कंटाळवाणंही आहे. शौचालयात जाताना बॅगकडे बघायला कोणी नाही. जेवणात चार पदार्थ मागवून वाटून खाता येत नाहीत. सुंदर दरी समोर आली की शेजाऱ्याला कोपराने डिवचायची सवय असते आणि शेजारी कोणी नसतं. दुसरीकडे, संग्रहालयात एका चित्रासमोर हवं तितकं थांबता येतं आणि बेत बदलला म्हणून कोणाची तोंडं वाकडी होत नाहीत. मला स्वतःला दोन रात्रींपर्यंत एकटं फिरायला आवडतं, चौथ्या रात्री मी स्वतःशीच मोठ्याने बोलू लागते. तुमचा आकडा वेगळा असेल, तो शोधा आणि त्याहून लांब सहल एकट्याने आखू नका.

नाताळचा विचार ऑक्टोबरातच करा. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ च्या रात्रीपर्यंत देश घरात बसतो. जर्मन सहकारी गावी जातात, वेगे रिकामी होते. भारतात जायचं असेल तर तेव्हाची तिकिटं फार महाग असतात. नाहीतर राहिलेल्या भारतीयांना गोळा करून पुरणपोळीचा घाट घाला. एखाद्या सहकाऱ्याने घरी बोलावलं तर संकोच न करता जा, ते बोलावणं तोंडदेखलं नसतं. तीन दिवसांचा भाजीपाला मात्र २३ तारखेलाच आणून ठेवा.

परत यायचं ठरलं तर

दोन वर्षांनी परत येणारे पुष्कळ असतात आणि त्यात हरण्यासारखं काही नाही. काम मात्र पद्धतशीर करा. घराची नोटीस भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांची, लेखी आणि सहीसकट द्यावी लागते. पत्त्याची नोंद रद्द करण्याचं काम निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं. त्याचा दाखला जपा, मोबाइल, जिम आणि विम्याचे करार बंद करताना बरेच जण तोच मागतात. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, म्हणून जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका. वर्षाच्या मध्ये नोकरी सोडली असेल तर विवरणपत्र भरा. कर पूर्ण वर्षाच्या पगाराच्या अंदाजाने कापलेला असतो, त्यामुळे बहुधा बरीच रक्कम परत येते, आणि स्वेच्छेने विवरणपत्र भरणाऱ्याला चार वर्षांची मुदत असते.

कंपनीकडून आर्बाइट्सत्सोइग्निस, म्हणजे कामाचं सविस्तर प्रशस्तिपत्र, मागून घ्या. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. मजकूर गोड दिसला तरी त्यातली वाक्यं ठरीव अर्थाची असतात, म्हणून सही होण्याआधी एखाद्या जर्मन मित्राला वाचायला द्या. बदल सुचवायचे असतील तर शेवटच्या आठवड्याच्या आत सुचवा, कारण तुम्ही विमानात बसल्यावर तिथल्या एचआरला तुमचं पत्र आठवत नाही.